मौन आणि संमति

‘मौनं संमतिलक्षणम्’ हें वचन आपल्याकडे लग्नाच्या बोलणींत किती सहज उच्चारलें जातें! मुलगी बोलली नाहीं, म्हणजे तिचा रुकार आहे, असें धरून वडीलधारी मंडळी पुढच्या तयारीस लागतात. घरांतील ही समजूत न्यायमंदिरांत शिरली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासांत आहे.

२६ मार्च १९७२ च्या रात्रीं देसाईगंज येथील पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीस जबानीसाठीं आणण्यांत आलें. हें गांव तेव्हां चंद्रपूर जिल्ह्यांत होतें. आतां तें गडचिरोलींत मोडतें. मुलीचें वय चौदा ते सोळा, आईबाप नव्हते, मोलमजुरीवर पोट. जबानी झाल्यावर नातलगांना बाहेर जावयास सांगून तिला एकटीस आंत ठेवून घेतलें. बाहेर येतांच तिनें आपल्यावर अत्याचार झाल्याचें सर्वांदेखत सांगितलें. म्हणजे ती गप्प बसली नव्हती, हें आधीं ध्यानांत ठेवावें.

१९७४ सालीं सत्र न्यायालयानें दोघां पोलिसांना सोडलें. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १९७६ सालीं त्यांना दोषी ठरविलें. भयानें निमूट राहणें वेगळें आणि संमति वेगळी, असा भेद त्यानें केला. परंतु सप्टेंबर १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. अंगावर जखमा नाहींत, त्या अर्थीं प्रतिकार झाला नाहीं. आणि आपण ओरडलों हें मुलीचें म्हणणेंही खोटें! रात्रीची वेळ, सरकारी ठाणें, समोर गणवेशांतील पुरुष. अशा जागीं अनाथ मजूर पोरीनें किती ओरडावें म्हणजे तें ऐकूं गेलें असें मानावयाचें?

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनीं १६ सप्टेंबर १९७९ रोजीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें. त्यांनीं नुसती हळहळ व्यक्त केली नाहीं. निकालांतील युक्तिवादच तपासून त्याची उलटतपासणी केली. दुबळ्याची बाजू घ्यावयाची ती अशी. मार्च १९८० मध्यें ठिकठिकाणच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ सालीं पुराव्याच्या कायद्यांत नवें कलम आलें: पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीशीं संबंध झाल्याचें सिद्ध झालें आणि ‘माझी संमति नव्हती’ असें तिनें न्यायालयांत सांगितलें, तर तें खरें धरून चालावें. पीडितेचें नांव छापण्यासही त्याच वर्षीं बंदी झाली. या मुलीचें नांव मात्र तोंवर कायद्याच्या प्रत्येक पुस्तकांत जाऊन बसलें होतें.

नव्या कलमाचा तिला स्वतःला उपयोग झाला नाहीं. दोघांची सुटका कायम राहिली.