स्थानिक कंपनीविना वेतनव्यवस्था (खासबाग, बेळगाव)

एखाद्या देशात स्वतःची नोंदणीकृत कंपनी किंवा शाखा नसताना तेथे राहणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या देशाच्या कायद्याप्रमाणे पगार देण्याची व्यवस्था. पगार खात्यावर जमा करणे हा तिचा सर्वांत सोपा भाग. कर कापून भरणे, भविष्य निधी, विमा, रजा, उपदान (ग्रॅच्युइटी), नियुक्तिपत्र आणि नोकरी संपल्यावरचा हिशेब ही सगळी जबाबदारी कायद्याच्या दृष्टीने कोणाची, हे ठरवणे हा तिचा गाभा.

खासबाग हा बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील, शहापूर, वडगाव व अनगोळच्या शेजारचा, विणकरांच्या वस्तीसाठी ओळखला जाणारा परिसर. उद्यमबागची औद्योगिक वसाहत आणि तेथील गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (स्थापना १९७९) येथून लांब नाही. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे (१९९८) मुख्यालयही बेळगावातच आहे. घरी बसून परदेशी कंपनीचे काम करणारा अभियंता अशा भागात राहत असेल, तर त्याच्या पगाराला कोणता कायदा लागू होतो, हे या नोंदीत पाहिले आहे.

मूलतत्त्व : पगारावरील कर आणि कामगार कायदा प्रामुख्याने काम जेथे होते त्या जागेला बांधलेले असतात, कंपनी कोठे आहे किंवा पैसे कोणत्या बँकेतून आले, यावर ते ठरत नाहीत. भारतात केलेल्या सेवेचा पगार आयकर कायद्यानुसार भारतातच उपार्जित झालेला मानला जातो. म्हणून कंपनी बर्लिनची असो वा बोस्टनची, खासबागेत बसून केलेल्या कामाचा पगार भारताच्या, आणि काही बाबतींत कर्नाटकाच्या, नियमांखाली येतो.

पूर्वपीठिका : मालक एका गावी, काम कामगाराच्या घरी आणि मध्ये तिसरा माणूस, ही रचना कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागाला नवी नाही. तंबाखूची मोठी बाजारपेठ असलेल्या निपाणी परिसरात विडीधंद्यामुळे ती पूर्वीपासून परिचित आहे. ठेकेदार पाने-तंबाखू द्यायचा, बाया घरी विड्या वळायच्या आणि कारखानदार ‘या माझ्या कामगार नाहीत’ म्हणून हात झटकू शकायचा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले आणि ठेकेदारामागच्या मुख्य मालकावर जबाबदारी टाकली. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या खटल्यात हा कायदा वैध ठरवला. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्य निधी लागू असल्याचा निर्णय झाला. प्रमाणात न बसणारा माल नाकारण्याचा हक्क मालकाकडे असेल, तर तेही नियंत्रणच होय, असे न्यायालयाने त्या वेळी मानले. लॅपटॉपवर काम करणारा खरोखर स्वतंत्र व्यावसायिक आहे की नोकर, हा आजचा वादही याच कसोट्यांवर सुटतो.

पर्याय : परदेशी कंपनीपुढे साधारणतः चार वाटा असतात.

(१) स्वतःची उपकंपनी किंवा शाखा. परकी चलन व्यवस्थापन कायद्याखाली (१९९९) शाखा वा संपर्क कार्यालयही काढता येते, पण संपर्क कार्यालयाला कमाई करता येत नाही. एक-दोन माणसांसाठी हा खटाटोप परवडत नाही.

(२) थेट नोकरी. परदेशी कंपनी कर कपातीसाठी टॅन क्रमांक काढून पगारातून कर कापू शकते. तिने तो कापला नाही, तरी कर चुकत नाही; कर्मचाऱ्याला तो स्वतः आगाऊ करहप्त्यांनी भरावा लागतो. जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखेपर्यंत अनुक्रमे एकूण १५, ४५, ७५ व १०० टक्के कर जमा व्हावा लागतो.

(३) कंत्राट. यात माणूस पगारदार नसून सेवा पुरवणारा व्यावसायिक असतो. तो बिल पाठवतो, परकी चलन बँकेमार्फत घेतो आणि कर स्वतः भरतो. ठराविक व्यवसायांना मर्यादेपर्यंतच्या उलाढालीत निम्मी रक्कम नफा धरून कर भरण्याची सवलत आहे. मात्र भविष्य निधी, उपदान, भरपगारी रजा यांतले काही मिळत नाही. कामाचे तास ठरलेले, महिन्याची रक्कम ठरलेली, रजेला साहेबाची परवानगी आणि दुसरे गिऱ्हाईक नाही, अशी स्थिती असेल तर करारावर ‘कंत्राटदार’ लिहिल्याने संबंध बदलत नाही.

(४) एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड, म्हणजे कागदोपत्री व कायद्याने मालक असलेली भारतीय कंपनी. व्यवहारात तिला ईओआर म्हणतात. प्रस्तुत विषयात मुख्यतः हीच पद्धत अभिप्रेत असते.

ईओआरची रचना : यात दोन करार होतात. ईओआर कंपनी कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देते आणि परदेशी कंपनीशी सेवाकरार करते. रोजचे काम परदेशी कंपनी सांगते. पगारपत्रक, कपाती, विवरणपत्रे व फॉर्म १६ ईओआर पाहते. परदेशी कंपनी पगार, मालकाच्या वर्गण्या आणि सेवाशुल्क एकत्र पाठवते. भारतात ईओआरसाठी वेगळा कायदा नाही. कामगार, कर व कंत्राटविषयक सामान्य कायद्यांच्या चौकटीतच तिला चालावे लागते. एकच माणूस ठेवणाऱ्या कंपनीला भविष्य निधीची सक्ती नसते, कारण ती सामान्यतः २० कर्मचाऱ्यांपासून सुरू होते. ईओआरच्या पटावर मात्र सर्व गिऱ्हाईक कंपन्यांची माणसे एकत्र मोजली जातात. त्यामुळे खासबागेतल्या एकट्या कर्मचाऱ्यालाही निधीचे खाते मिळू शकते.

बौद्धिक संपदा हा या रचनेतला दुर्लक्षित सांधा आहे. प्रताधिकार कायद्यानुसार (१९५७) नोकरीत तयार झालेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. इथे तो ईओआर ठरतो. परदेशी कंपनीकडे हक्क जायचे तर लेखी हस्तांतर लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे कायदा धरतो. हे दोन शब्द करारातून सुटले, तर संगणकप्रणालीचे हक्क अर्धवट राहतात.

पगारपटातील कपाती : २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. वेतनसंहितेनुसार मूळ वेतन, महागाई भत्ता आदी मिळून ‘वेतन’ एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी दाखवता येत नाही. भत्ते फुगवून निधी व उपदान आटवण्याची जुनी युक्ती त्यामुळे चालत नाही.

महिना १,००,००० रुपये पगार आणि त्यात ५०,००० मूळ वेतन असे उदाहरण घेऊ. भविष्य निधी १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर कापायचे ठरले, तर १२ टक्क्यांनी कर्मचाऱ्याचे १,८०० रुपये जातात. मालकही १,८०० भरतो. कर्मचारी आधीपासून निवृत्तिवेतन योजनेचा सदस्य असेल, तर त्यातले १,२५० त्या योजनेत आणि ५५० निधीत जातात. ठेवसंलग्न विमा व प्रशासन शुल्क प्रत्येकी ७५ रुपये. व्यवसायकर २०० रुपये. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट व १२ लाखांपर्यंतची करसूट धरता वर्षाच्या १२ लाख पगारावर आयकर शून्य येतो. म्हणजे हातात ९८,००० रुपये पडतात. मालकाच्या बाजूने निधीचे १,९५० आणि उपदानाची तरतूद सुमारे २,४०४ मिळून खर्च १,०४,३५४ रुपयांच्या आसपास जातो. ईओआरचे शुल्क वेगळे. राज्य कर्मचारी विमा २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनालाच लागू असल्याने तो या उदाहरणात येत नाही.

कापलेला आयकर पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत) आणि भविष्य निधी १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. परदेशातून रक्कम उशिरा आली, तरी या तारखा पुढे सरकत नाहीत. म्हणून ईओआर कंपन्या बहुधा आगाऊ रक्कम किंवा अनामत मागतात. पगार डॉलरमध्ये ठरलेला असला, तर करकपातीसाठी स्टेट बँकेचा तार-हस्तांतर खरेदी दर धरला जातो.

राज्याची सीमा : व्यवसायकर राज्यांचा आहे, घटनेच्या अनुच्छेद २७६ नुसार त्याची वार्षिक कमाल मर्यादा २,५०० रुपये आहे. कर्नाटकात १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांच्या आतल्या पगाराला तो नाही. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याला १०,००० रुपयांपुढे महिना २००, फेब्रुवारीत ३०० असा तो लागतो. महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे. त्यामुळे २०,००० रुपये पगाराच्या पुरुषाला महाराष्ट्रातील कागलात व्यवसायकर बसतो, कर्नाटकातील निपाणीत बसत नाही. परदेशी कंपनीच्या दृष्टीने दोन्ही ‘इंडिया’च, पगारपट करणाऱ्याला मात्र दूधगंगेच्या कोणत्या तीरावर काम होते, हे विचारावे लागते.

सुट्यांचेही तसेच. कर्नाटकाच्या १९६३ च्या राष्ट्रीय व सण सुट्यांच्या कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरबरोबर १ नोव्हेंबर ही भरपगारी सुट्टी आहे. बेळगावात त्या दिवशी राज्योत्सव साजरा होतो आणि महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते. पगारपटात दोघांसाठी नोंद एकच राहते.

जोखमी : ईओआर घेतल्याने परदेशी कंपनीचा भारतातील कराचा प्रश्न आपोआप मिटत नाही. कर्मचारी कंपनीच्या वतीने नेहमी करार पक्के करत असेल, किंवा त्याची जागा कंपनीची व्यवसायाची स्थिर जागा ठरली, तर ‘कायम आस्थापना’ निर्माण होऊन तिच्या वाट्याच्या नफ्यावर भारतात कर लागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मॉर्गन स्टॅनले (२००७) व ई-फंड्स (२०१७) खटल्यांत याच्या कसोट्या मांडल्या. पाठीमागचे साहाय्यक काम आणि स्वतःच्या ताब्यातली व्यवसायाची जागा यांत त्यांनी फरक केला. म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्यापेक्षा सौदे ठरवणारा विक्री अधिकारी करदृष्ट्या अधिक नाजूक असतो.

उलट दिशा : उद्यमबागेतील यंत्रभाग निर्यात करणाऱ्या एखाद्या कंपनीला जर्मनीत विक्रेता किंवा सेवा अभियंता ठेवायचा असेल, तर हाच प्रश्न तिच्यापुढे उभा राहतो आणि उत्तर देशागणिक बदलते. जर्मनीत उसन्या मनुष्यबळासाठी परवाना लागतो व एका गिऱ्हाईकाकडे साधारणतः १८ महिन्यांचीच मुदत असते. ब्रिटनमध्ये तेथे अस्तित्व नसलेल्या मालकाचा कर्मचारी स्वतःच कर व राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरण्याची सोय आहे. कॅनडात परदेशी मालक पगारपटापुरती नोंदणी करू शकतो. माणूस बेळगावातून पाठवलेला असेल, तर सामाजिक सुरक्षा करार पाहावा लागतो. जर्मनीशी भारताचा असा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. भविष्य निधी संघटनेचे कव्हरेज प्रमाणपत्र घेतल्यास ठराविक मुदतीपर्यंत तेथील निवृत्तिविम्याची वर्गणी वाचते. अमेरिकेशी असा करार नसल्याने तेथे वर्गणी भरावीच लागते.

नोकरीचा शेवट व बदल : राजीनामा किंवा नोकरकपात झाल्यास वेतनसंहितेनुसार देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करायचे असते. परदेशी कंपनीने मेल पाठवून काम थांबवले, तरी नोकरी संपते ती ईओआरच्या पत्राने. नोटीस, शिल्लक रजा व उपदान त्याच हिशेबात येतात. पुढे कंपनीने भारतात उपकंपनी काढून माणूस तिकडे घेतला, तर भविष्य निधीचा यूएएन क्रमांक तोच राहतो आणि शिल्लक वर्ग करता येते. उपदानाचे तसे नाही. कायम कर्मचाऱ्याला ते साधारणतः पाच वर्षांच्या सलग सेवेवर मिळते आणि मालक बदलला की वर्षे नव्याने मोजली जाण्याचा धोका असतो. आधीची सेवा धरली जाईल, हे कलम नव्या नियुक्तिपत्रात स्पष्ट लिहून घेणे कर्मचाऱ्याच्या हिताचे ठरते.