सुईनंतरचा अर्धा तास

१० जानेवारी १८९७. मुंबईत प्लेग पसरलेला. वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, उतरला. पुढे १९०२मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात याच लसीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. ठपका हाफकिनांवर आला. ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

ताप वेगळा, दूषित बाटली वेगळी. हा फरक आजही कळायला हवा. बीडमध्ये बाळाला सहा, दहा, चौदा आठवड्यांना मिळणारी पेंटाव्हॅलंट लस हिब जंतूच्या मेंदूज्वरापासूनही वाचवते. ताप, सूज एक-दोन दिवसांत ओसरते. तीव्र अ‍ॅलर्जी दुर्मीळ, पण बहुधा लगेच दिसते. म्हणून केंद्रावर अर्धा तास थांबायचं. आधीच्या डोसला तशी अ‍ॅलर्जी आली असेल, तर आधीच सांगायचं. आणि ऊसतोडीला निघताना लसीचं कार्ड सोबत घ्यायचं.