तटावरील माता : एका चित्राची पूर्वतयारी

महामंदिरातील भव्य चित्रापुढे आपण भक्तिभावाने उभे राहतो; परंतु त्यामागे चित्रकाराची किती वर्षे खर्ची पडली, याचा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. फ्रान्समधील ओतँ नगरीच्या संत लाझरस महामंदिरातील संत सिंफोरियनच्या रक्तसाक्ष्याचे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

परंपरेनुसार सिंफोरियन हा दुसऱ्या शतकातील ओतँचा तरुण. सिबिली देवीची पूजा करण्यास त्याने नकार दिला व त्याला देहदंड झाला. वधस्थळी नेताना त्याच्या मातेने नगराच्या तटावरून त्याला धीर दिला : तुझे जीवन हिरावले जात नाही, ते पालटत आहे. २२ ऑगस्ट हा त्याचा सणदिन.

१८२४ साली हे काम अँग्र (१७८०–१८६७) या नव-अभिजात शैलीच्या चित्रकाराकडे आले. ते पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. त्या काळच्या शिस्तीनुसार तो जिवंत व्यक्तीस समोर ठेवून प्रथम विवस्त्र देह रेखाटी. हाडामांसाचा तोल साधला की मगच त्यावर वस्त्रांच्या चुण्या चढवी. संताचे पसरलेले बाहू, मातेचे तटावरून झुकणे, दंडधाऱ्यांचे ताणलेले स्नायू, या प्रत्येकाचा त्याने स्वतंत्र अभ्यास केला. १८३३ मधील दोन तैलअभ्यास हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. एकात संत, माता व रोमन अधिकारी आहेत, तर दुसऱ्यात दंडधारी, दगड फेकणारा व एक प्रेक्षक.

१८३४ च्या पॅरिस प्रदर्शनात मात्र टीकेचा भडिमार झाला. दंडधाऱ्यांचे स्नायू अतिरंजित आहेत, आकृतींची दाटी झाली आहे, असे आक्षेप आले. दुखावलेला अँग्र रोममधील फ्रेंच कला अकादमीचा संचालक होऊन निघून गेला. मृत्यूपूर्वी त्याने आपली हजारो रेखाटने मोंतोबाँ या जन्मगावाच्या नावे केली.

त्या टीकेतील काही भाग आम्हांलाही पटतो. बलदंड देहांकडे दृष्टी आधी जाते, हे खरे. परंतु ती तेथे थांबत नाही. सैनिकांचे सारे बळ खाली एकवटले आहे आणि पुत्राची मान वर, मातेकडे वळली आहे. ती माता त्याला परत बोलावीत नाही. आपल्या घरांतून मुलांच्या सुखासाठी आपण नित्य प्रार्थना करतो. त्यांच्या निष्ठेसाठी तितक्याच कळकळीने करतो का, हा प्रश्न ती तटावरून आपल्यालाही विचारते.