दक्षिणेचा पैसा आणि मराठीचे उच्च शिक्षण

१८४९ साली पुण्यातील काही शिकलेल्या तरुणांनी मुंबई सरकारकडे एक अर्ज केला. या अर्जात तिजोरीतून नवा पैसा मागितलेला नव्हता. दक्षिणेच्या नावाने सरकार दरवर्षी जो खर्च करीतच होते, त्यातील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, एवढीच विनंती होती. या खटपटीचे पुढारीपण गोपाळ हरी देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, यांच्याकडे होते. मागणी लहान होती. परंतु तिच्यामुळे पुणे ढवळून निघाले. सीमाभागात मराठीच्या शिक्षणासाठी निवेदने देत आलेल्या आम्हांला हा अर्ज वारंवार आठवतो. मोठ्या घोषणांनी जे साधत नाही ते लहान, नियमित आणि स्पष्ट अटींच्या अनुदानाने कसे साधते, याचा तो आपल्या इतिहासातील उत्तम दाखला आहे.

दक्षिणेची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या घराण्याशी जोडली जाते. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही प्रथा पेशव्यांनी चालविली. श्रावणात पुण्यात विद्वान ब्राह्मण जमत, पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा ही प्रथा एकदम मोडली तर पुण्यातील वजनदार वर्ग बिथरेल, हे एल्फिन्स्टनने ओळखले. म्हणून रक्कम कमी करून, वर्षाला ५०,००० रुपयांच्या मर्यादेत, दक्षिणा चालू ठेवण्यात आली. तिच्यातूनच काही पैसा वेगळा काढून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली. दानाचा पैसा शिकविण्याच्या कामी वळविण्याचे हे पहिले पाऊल होते.

१८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने दक्षिणेच्या यादीत नवी नावे घेणे थांबविले. जे घेत होते त्यांना हयातभर मिळावी, आणि त्यांच्यामागे शिल्लक पडणारी रक्कम शिक्षणाकडे जावी, असा विचार होता. साहजिकच प्रश्न उभा राहिला : ही शिल्लक कोणत्या विद्येची, कोणत्या भाषेची आणि कोणत्या लोकांची? दक्षिणा हा आपला परंपरागत हक्क आहे, असे शास्त्रीमंडळी म्हणत होती. हा पैसा मुळात रयतेच्या करातून आलेला आहे, तेव्हा तो रयतेच्या भाषेसाठी खर्च व्हावा, असे तरुणांचे म्हणणे होते.

१८४९च्या अर्जाची बातमी फुटताच सह्या करणाऱ्यांना बहिष्काराच्या धमक्या आल्या. अर्ज सरकारदरबारी पोहोचू नये अशीही खटपट झाली. त्या वेळी बावीस वर्षांच्या जोतीराव फुले यांनी आपले धट्टेकट्टे सोबती गोळा करून अर्जदारांना संरक्षण दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शेवटी मागणी मान्य झाली. मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वर्षाला ३,००० रुपये राखून ठेवण्यात आले, ही बक्षिसे सर्व जातींच्या लेखकांना खुली ठेवली गेली, आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीचे काम सुरू झाले. मराठी गद्याची पाठ्यपुस्तके, भाषांतरे, शास्त्रीय विषयांवरील सोपे ग्रंथ यांना या बक्षिसांचा मोठा आधार झाला.

परंतु नियम खुला असणे आणि दार खुले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठविले. शेतकऱ्याला अज्ञानामुळे कसे नाडले जाते आणि विद्येने त्याचे डोळे कसे उघडतात, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे स्वतः जोतीरावांनी लिहून ठेवले आहे. ज्या निधीसाठी अर्जदारांच्या पाठीशी ते उभे राहिले, त्याच निधीने त्यांना परत पाठविले. ते नाटक छापले जाण्यास १९७९ साल उजाडावे लागले. अनुदान मागताना रकमेइतकेच लक्ष निर्णय कोण करणार याकडे द्यावे लागते, हा धडा या एका नकारात आहे.

दक्षिणेच्या पैशाचा दुसरा उपयोग प्रत्यक्ष अध्यापनासाठी झाला. विश्रामबागवाड्यातील पाठशाळा आणि इंग्रजी शाळा १८५१ मध्ये एकत्र करून पूना कॉलेज झाले, तेच पुढचे डेक्कन कॉलेज. तेथे आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. हुशार विद्यार्थ्याला दरमहा काही वेतन द्यायचे, त्याने पुढचा अभ्यास करायचा आणि त्याबरोबर खालच्या वर्गांना शिकवायचे, अशी ही साधी योजना. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तिघेही दक्षिणा फेलो होते. भांडारकरांनी पुढे संस्कृत शिकविण्यासाठी नव्या पद्धतीची दोन पुस्तके रचली आणि ती पिढ्यानपिढ्या वर्गांत वापरली गेली. शिकविणाऱ्याला थोडे स्वास्थ्य आणि थोडा वेळ दिला, की त्याचे फळ एका वर्गापुरते राहत नाही.

मात्र याच काळात मराठीचा एक मोठा पराभव झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८६०च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून वगळण्यात आल्या. त्यांत पदवीच्या योग्यतेचे वाङ्मय नाही, असे कारण सांगितले गेले. ग्रंथांना बक्षिसे मिळत होती. परंतु त्या ग्रंथांना विद्यापीठाच्या वर्गात जागा नव्हती. रानडे यांनी हा प्रश्न अनेक वर्षे सोडला नाही. १८९८ मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा लेखी आढावा मांडला आणि ग्रंथांच्या आधारे आक्षेपाला उत्तर दिले. १९०१ च्या आरंभी त्यांचे निधन झाले, त्याच सुमारास एम. ए.च्या अभ्यासक्रमात मराठीला प्रवेश मिळाला. दक्षिणेच्या वेतनावर शिकलेल्या एका फेलोने आपल्या भाषेचे ऋण असे फेडले.

येथे आपल्या बाजूची एक उणीवही मान्य केली पाहिजे. मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात, धारवाड-बेळगाव पट्ट्यात, कन्नड मुलांनाही शाळेत मराठीच शिकावी लागे. डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी खटपट केली, ती न्याय्यच होती. आज आम्ही जे मागतो ते त्यांनी तेव्हा मागितले. बहुसंख्याकांच्या सोयीने अल्पसंख्याकांचा वर्ग बंद पडू नये, हे तत्त्व भाषा बदलली म्हणून बदलत नाही. दोन भाषा एका निधीत नांदू शकतात, याचे उदाहरण वडोदऱ्याचे आहे. सयाजीराव महाराजांनी १९१२ मध्ये दोन लाख रुपये राखून ठेवले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सयाजी साहित्यमालेत गुजरातीबरोबर मराठी पुस्तकेही निघाली.

आता कायद्याची बाजू. अनुदान मिळणे हा संस्थेचा निरपवाद हक्क नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. परंतु राज्य एकदा अनुदान देऊ लागले, की संस्था भाषिक अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे या कारणावरून तिच्याशी भेदभाव करता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद ३० (२) स्पष्ट सांगतो. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० (क) मातृभाषेतील शिक्षणाविषयी आहे, पण तो प्राथमिक टप्प्यापुरता. विद्यापीठाच्या पातळीवर डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य हा १९७१ चा निर्णय उपयोगी पडतो. राज्यभाषेच्या अभ्यासाला विद्यापीठाने उत्तेजन द्यावे, त्यास हरकत नाही. पण अल्पसंख्याकांच्या संलग्न महाविद्यालयांवर तीच एकमेव माध्यम म्हणून लादता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. कायद्याने दिलेली ही जागा आहे. ती भरण्याचे काम आपले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु दर्जा वर्गात जाऊन शिकवीत नाही. सीमेपलीकडच्या एखाद्या महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला वेळेवर मानधन मिळते का, त्याच्या ग्रंथालयात या दशकातील मराठी पुस्तक आहे का, अर्थशास्त्र वा कायदा मराठीतून समजावताना त्याच्याजवळ परिभाषेचा कोश आहे का, यावर भाषेचे उद्याचे आयुष्य ठरते. यांपैकी कशालाही फार मोठी रक्कम लागत नाही.

म्हणून बेळगाव, गोवा, वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील मराठी मंडळांना आमची विनंती आहे. पुढचे निवेदन देताना अस्मितेच्या परिच्छेदाखाली एक कोष्टक जोडा : कोणत्या महाविद्यालयाला, कोणत्या कामासाठी, दरवर्षी किती रुपये हवेत. निवड समितीत शिकविणारे असावेत, आणि आजवर दाराबाहेर राहिलेल्यांनाही तेथे जागा असावी, ही अट त्यात लिहा. नकार दिल्यास तो कारणांसह लेखी द्यावा, हेही लिहा. लेखी नकाराला आव्हान देता येते. १८४९ च्या अर्जदारांनी नेमकी रक्कम कोठून काढावी आणि कशावर खर्चावी हे सांगितले, म्हणून सरकारला उत्तर देणे भाग पडले. आपणही तितकेच नेमके मागू या.