धरणाचं पाणी 'कसं' आहे? मोबाइलवर काय दिसतं आणि गाळात काय दडतं

मांजरा धरणाची टक्केवारी आमच्या लातुरात प्रत्येक ग्रुपवर फिरते. २०१६ च्या एप्रिलमध्ये धरणाने तळ गाठला आणि मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हापासून तर जास्तच. पण ही टक्केवारी फक्त पाणी किती ते सांगते. पाणी कसं आहे हे तिच्यातून कळत नाही, आणि खरं बघायला गेलं तर टक्केवारी घसरते तेव्हाच हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा होतो.

पाणी पिवळं का येतं?

धरण भरलेलं असतं तेव्हा वरच्या थरातलं पाणी उचलता येतं. पातळी खाली गेली की उपसा तळाजवळून होतो. तळाच्या गाळात काडीकचरा आणि मेलेलं शेवाळ कुजत असतं आणि त्यात पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपतो. मग गाळात घट्ट बसलेलं लोह आणि मँगनीज सुटून पाण्यात येतं. त्या क्षणी पाणी नितळच दिसतं! हवा किंवा क्लोरीन लागला की त्याचे कण बनतात आणि बादलीत पिवळट-तपकिरी रंग उतरतो. (जुन्या गंजलेल्या पाइपामुळेही असंच होतं, त्यामुळे रंग बघून लगेच धरणाला दोष देऊ नका.) पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मँगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३.

लोहासोबत फॉस्फरसही सुटतो आणि तो शेवाळाचं खत. शेवाळ वाढतं, मरतं, तळाला जातं, पुन्हा ऑक्सिजन खातं. थोडक्यात, पाण्याचा नमुना हा स्टेटससारखा असतो, उद्या बदलतो. गाळ म्हणजे चॅट बॅकअप. वर्षानुवर्षं वाहून आलेलं सगळं त्यात साठलेलं असतं.

मोबाइलवर काय बघता येतं?

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात. ब्राउझरमध्ये 'कोपर्निकस ब्राउझर' उघडा, धनेगाव शोधा आणि सेंटिनेल-२ चा थर निवडा. साधारण दर ५ दिवसांनी नवं चित्र येतं. त्यात 'एनडीडब्ल्यूआय' निवडलं की पाणी आणि जमीन वेगळी दिसते. ऑक्टोबर आणि मे शेजारी ठेवून बघा, पाणी किती मागे सरकलं ते लगेच कळेल. शेवाळासाठी बँड ५ आणि बँड ४ यांचा निर्देशांक स्वतः तयार करावा लागतो. हे काम मोबाइलवर जरा किचकट आहे, लॅपटॉप मिळाला तर बरं.

पावसाळ्यात ढग आडवे येतात. नांदेडच्या विष्णुपुरीला आणखी एक अडचण आहे. ते पाणी नदीच्या पात्रातच लांबट पसरलेलं. एक पिक्सेल १० मीटरचा, शेवाळाच्या निर्देशांकात तर २० मीटरचा, म्हणून काठावरच्या पिक्सेलमध्ये पाणी आणि झाडं एकत्र होतात. मांजराचा फुगवटा रुंद असल्याने तिथे वाचायला सोपं जातं.

'हायड्रोकलर' नावाचं अॅपही आहे. राखाडी कार्ड, आकाश आणि पाणी असे तीन फोटो काढून ते पाण्याच्या गढूळपणाचा अंदाज देतं. काठावर प्रयोग करायला मला ते आवडतं.

मात्र जंतू, नायट्रेट, शिसं यातलं काहीच कॅमेऱ्याला दिसत नाही, ना मोबाइलच्या ना उपग्रहाच्या. ऑनलाइन मिळणारा टीडीएस मीटरही फक्त पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजून क्षारांचा अंदाज देतो. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडाही त्यावर 'चांगला' येऊ शकतो.

हात ओले करावे लागतातच

पाण्याचा नमुना धरणात पाणी येतं तिथे, मध्यभागी आणि भिंतीजवळ, वरून आणि तळाजवळून घेतात. ऑक्सिजन जागेवरच मोजतात किंवा बाटलीत लगेच रसायन टाकून तो पक्का करतात. नाहीतर प्रयोगशाळेपर्यंत आकडा बदलतो. धातूंसाठी गाळ प्लास्टिकच्या चमच्याने काढायचा आणि ६३ मायक्रॉनपेक्षा बारीक भाग वेगळा करायचा, कारण धातू बारीक कणांनाच जास्त चिकटतात.

आता खरी मेख. आपली काळी माती बेसाल्ट खडकातून तयार झाली आहे. त्यात लोह, तांबं, क्रोमियम मुळातच भरपूर. इंटरनेटवरच्या परदेशी तक्त्याशी तुलना केली तर स्वच्छ गाळही 'प्रदूषित' निघेल! म्हणून तुलना आपल्याच गाळाशी करावी. विष्णुपुरी बंधारा नांदेड शहराच्या वरच्या अंगाला आहे. तिथला गाळ आणि शहर ओलांडल्यावरचा गोदावरीचा गाळ, दोन्हीची माती एकाच जातीची. मधला फरक बराचसा शहराने घातलेला.

हे सगळं शेतापर्यंत येतं. २०१७ पासून राज्याच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत शेतकरी तलावांतला गाळ रानात टाकतात. बहुतेक पाझर तलावांच्या वरच्या अंगाला फक्त शेती असते, तिथला गाळ सोनंच. पण तलावात एखाद्या गावाचा किंवा कारखान्याचा नाला येत असेल तर ट्रॅक्टर लावण्याआधी तपासणी करा. मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ तपासण्यांत शिसं, कॅडमियम, क्रोमियम येत नाहीत. त्यांची तपासणी वेगळी मागावी लागते, आणि पिशवीवर 'शेतातली माती' न लिहिता 'तलावातला गाळ' असं लिहायचं.