पोथीबाहेरचा चित्रकार

बांद्याच्या वर्गात मी विचारतो : कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी कुणाची? ठरलेले उत्तर येते, ‘सावंतवाडीच्या राजांनी आश्रय दिलेली कला.’ म्हणजे आश्रयदात्याचे नाव इतिहासात गेले. देवळात चित्रांची पोथी उघडून रामायण-महाभारत सांगणारा ठाकर मात्र केवळ ‘जमात’ म्हणून उरला. बहुतेक जुन्या चित्रांवर चित्रकाराचे नाव नाही.

राजाश्रय आटल्यावर ही कला तगली ती ठाकरांच्या घरांतून. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एक नाव नोंदले गेले; त्यापूर्वीच्या पिढ्यांचे काय?

इंडोनेशियातील जावा बेटावर पिंगुळीसारख्याच चामड्याच्या बाहुल्या याच कथा सांगतात. त्यांना वायांग म्हणतात. हेरी दोनो हा चित्रकार सुकासमान यांच्याकडे वायांग शिकला आणि त्या रूपांतून त्याने आपल्या काळातील सत्तेची टर उडवली. परंपरा केवळ देवादिकांचेच स्मरण करते असे नाही, हे त्याने दाखवले.

मी घरातला पहिला पदवीधर. माझ्या आज्याची आठवण कुठल्याच पोथीत नाही. म्हणून वाटते, ठाकरांच्या नव्या पोथीत एक पान त्यांच्या स्वतःच्या आजा-आजीचे असावे, आणि त्याखाली काढणाऱ्याची सही असावी.