दवाखाना दूर असतो तेव्हा

डोंगरात किंवा जंगलात कोणी अचानक आजारी पडले, तर डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो सोबत्यांनी काय करावे? या प्रश्नाचा अभ्यास ही आता वैद्यकाची एक शाखा झाली आहे. अमेरिकेत 1983 साली 'वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी' त्यासाठीच स्थापन झाली. या शाखेच्या दृष्टीने रान म्हणजे केवळ झाडी नव्हे. जिथून उपचारापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो, ते रानच. या अर्थाने 1970 साली महाराष्ट्रातील कितीतरी गावे रानातच होती.

त्याच वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. 1971 च्या सुमारास तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 176 बालके पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. जुलाब, न्यूमोनिया, बाळंतपणातील गुंतागुंत ही कारणे काही अनोळखी नव्हती. उपचारही ठाऊक होते. पण ते योग्य वेळी रुग्णापाशी पोहोचत नव्हते.

जुलाबाचेच उदाहरण घेऊ. लहान मुलाच्या शरीरातील पाणी आणि क्षार काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतात. नुसते पाणी पाजून ही तूट भरून निघत नाही. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 साली मांडली. पटकीतही हे दार उघडेच राहते. 1971 साली बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण रुग्णांना पाजायला त्यांच्या नातेवाइकांनाच सांगितले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. हीच आपली जलसंजीवनी. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले, की ती घरीही तयार होते.

मात्र हे ज्ञान गावात मुक्कामाला कोणी न्यायचे? जामखेडला प्रथम प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या. तो प्रयोग साधला नाही. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. यातील बऱ्याच जणी निरक्षर होत्या, काही दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि गावातील अनुभव परस्परांना सांगत. सुरक्षित बाळंतपण, जलसंजीवनी, प्रथमोपचार या गोष्टी त्या शिकल्या. कोणता रुग्ण आपल्या आवाक्याबाहेरचा आहे आणि त्याला ताबडतोब रुग्णालयात धाडले पाहिजे, हे ओळखायलाही त्या शिकल्या, आणि ते तितकेच महत्त्वाचे होते. पाच-सहा वर्षांत बालमृत्यूचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही खाली आले. अर्थात त्यामागे पोषण, लसीकरण आणि पिण्याचे पाणी यांचाही वाटा होता. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आज रस्ते आहेत, 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. तरीही याच जिल्ह्यातील 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईवर सहल गेली असता मुलाला साप चावला, तर पहिला निर्णय शिक्षकालाच घ्यावा लागतो. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात लवकरात लवकर न्यावे. ते रुग्णालय कोणते, तिथवर पोहोचायला किती वेळ लागतो आणि वाटेत फोन कुठे लागत नाही, याचा नकाशा विद्यार्थ्यांकडून सहलीआधीच करून घेता येईल. जामखेडच्या बायकांनी जे शिकून दाखवले, ते आपल्या नववी-दहावीच्या वर्गाला अवघड जाऊ नये.